कान मोकळे ठेवून: भाताच्या राखणीच्या 19 रात्री

2019 च्या ऑक्टोबरमध्ये वडिलांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि दोन महिने शिडी चढायची नाही असे डॉक्टरांनी त्यांना बजावले, तेव्हा गावाकडच्या दीड एकर भाताची राखण ओघानेच माझ्याकडे आली. आमचे गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, गुंजीच्या पलीकडे, रानाला लागून आहे. मी स्वतः बेळगावात उद्यमबागेतल्या एका कारखान्यात लेथवर काम करतो, त्यामुळे जागरण मला नवे नव्हते आणि माळ्यावर बसून रात्र काढणे म्हणजे यंत्राविना रात्रपाळी, एवढीच माझी समजूत होती. ही समजूत पहिल्या तीन रात्रींतच मोडली आणि जाताना चार गुंठे भात घेऊन गेली.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये महापूर येऊन गेला होता. आमची खाचरे चढावर असल्यामुळे वाचली, पण ऐन दिवाळीत अरबी समुद्रातल्या क्यार चक्रीवादळाने पुन्हा पाऊस आणला आणि कापणी पुढे ढकलावी लागली. शेजारची हळवी, म्हणजे लवकर पिकणारी भाते आधीच कापून झाली होती, त्यामुळे अख्ख्या शिवारात आमचेच इंद्रायणी तेवढे उभे राहिले होते. रानडुकरांच्या दृष्टीने हे ताट वाढून ठेवल्यासारखेच होते. 29 ऑक्टोबरला, भाऊबीजेच्या दिवशी, बहिणीकडून ओवाळून घेऊन मी संध्याकाळच्या आत गावी पोहोचलो आणि घोंगडे, बॅटरी, पत्र्याचा डबा व सुतळी बॉम्बचे एक पाकीट घेऊन माळ्यावर चढलो.

माळा म्हणजे चार लाकडी खांबांवर पुरुषभर उंचीला बांधलेली बांबूची बैठक आणि वर पिंजराचे, म्हणजे भाताच्या काडाचे छप्पर. दोन माणसे मांडी घालून बसतील, एक आडवा होईल, एवढीच जागा. पहिल्या रात्री मी तिथे मोबाइलवर सिनेमा पाहिला. दुसऱ्या रात्री एका कानात गाणी लावली आणि दुसरा कान शेतासाठी ठेवला, हे मला मोठे शहाणपणाचे वाटले होते. तिसऱ्या रात्री कंटाळून दर अर्ध्या तासाने डबा बडवला. तिन्ही सकाळी नाल्याकडच्या कोपऱ्यात भात लोळवलेले, ओंब्या चघळून चोथा टाकलेला आणि बांधावर खुरांचे ताजे ठसे, असे एकच दृश्य होते. माझ्यापासून जेमतेम साठ पावलांवर डुकरे जेवून गेली होती आणि मला पत्ता लागला नव्हता.

चौथ्या दिवशी 1 नोव्हेंबर होता. थोरले चुलते, ज्यांना आम्ही सगळे आप्पा म्हणतो, सीमाभागातले मराठी लोक कर्नाटकात घातल्याच्या निषेधार्थ पाळतात त्या काळ्या दिनाच्या बेळगावच्या फेरीहून दुपारी परतले आणि चहा पिऊन थेट शेतावर आले. त्यांनी लोळवलेला कोपरा पाहिला, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "रात्रभर वर बसून काय करालास?" मी जागा असतो, असे सांगितले. "जागा असशील रे, पण हजर होतास काय?" एवढे बोलून ते घरी गेले आणि जेवून, काठी व एक कापडी पिशवी घेऊन परत आले. पुढच्या सोळाही रात्री ते माझ्याबरोबर होते.

आप्पांविषयी थोडे सांगणे भाग आहे. ते त्या वेळी बहात्तर वर्षांचे होते. तरुणपणी ते शिकारीला जात. घरात ठासणीची बंदूक होती, उन्हाळ्यात पाणवठ्यावर आणि पावसाळ्यानंतर भाताच्या कडेला बसून गावातली चार-पाच माणसे डुकरे मारत आणि मांसाचे वाटे घरोघरी जात. 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, पुढे हळूहळू ते सगळे बंद झाले, आणि त्यानंतर काही वर्षांनी आप्पांनी पंढरपूरला जाऊन गळ्यात माळ घातली. आता शिकारीचा प्रश्नच उद्भवत नाही आणि तो उद्भवू नये याच मताचा मी आहे. आमच्यापासून फार लांब नसलेले भीमगडचे रान 2011 मध्ये अभयारण्य म्हणून जाहीर झाले, याचे मला समाधानच वाटते, भले तिथल्या जनावरांना अभयारण्याची हद्द कुठे संपते हे कोणी सांगितलेले नसो. परंतु बंदूक गेली तरी तिच्या आधीचे जे तासन्‌तास बसणे होते, ते आप्पांच्या अंगात तसेच राहिले होते. शिकारीत गोळी झाडायला क्षणभर लागतो, उरलेला सगळा वेळ बसण्यातच जातो, असे ते म्हणत. राखणीत तर तो क्षणही नसतो.

आमच्या दोघांच्या पहिल्या रात्री त्यांनी माझा मोबाइल बंद करून शिडीच्या पायरीशी ठेवायला लावला. मी वेळ कशी कळणार म्हटल्यावर त्यांनी पूर्वेकडे बोट केले. पाऊस त्या दिवशी ओसरला होता आणि ढग विरत होते. पंचमीचा चंद्र दहाच्या आसपास मावळला, तोवर झाडांच्या शेंड्यांवर मृग नक्षत्र आले होते आणि त्यानंतर तासा-दीड तासाने त्याच्यामागून व्याध लखलखत वर आला. आप्पांचे घड्याळ असे होते: मृग उगवला की बोलणे बंद, व्याध झाडांच्या वर आला की पहिली डुलकी येणार म्हणून सावध, कृत्तिका डोक्यावर आल्या की मध्यरात्र उलटून गेली, आणि मृग डोक्यावर आला की सर्वांत वाईट वेळ सुरू झाली. मृगाच्या पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण दाखवून ते म्हणाले, "बाण लागून किती काळ लोटला बघ, अन्‌ व्याध अजून जागचा हलत नाही. बसावं तर असं." माझ्यासारख्या, मायक्रोमीटरने मोजण्याची सवय असलेल्या माणसाला पुढे एक वेगळाच नाद लागला. मृग रोज ज्या सागाच्या शेंड्यावर उगवे, तिथे तो आदल्या रात्रीपेक्षा सुमारे चार मिनिटे लवकर येतो, म्हणजे पंधरा रात्रींत तासभर पुढे सरकतो, हे मी पुस्तकात वाचले होते, पण माळ्यावर बसून ते पडताळून पाहण्यात कित्येक रात्रींचा पहिला प्रहर सहज निघून गेला.

चंद्राचे गणित मात्र करमणुकीचे नव्हते. शुद्ध पक्षात तो रोज पाऊण-एक तास उशिरा मावळतो आणि अष्टमीला मध्यरात्रीच्या सुमारास. आमच्याकडची डुकरे चंद्र मावळल्यावर तासाभरात उतरत. त्यामुळे संध्याकाळपासून सारखे ताठ बसून थकण्याऐवजी चंद्र असेपर्यंत एकाने झोपायचे आणि मावळला की दोघांनीही उठून बसायचे, असे आम्ही ठरवले. पहिल्या तीन रात्री मी नेमके उलटे केले होते. नऊपर्यंत डोळ्यांत तेल घालून बसायचो आणि ऐन वेळी पेंगायचो.

आता त्या कापडी पिशवीविषयी. तिच्यात घायपाताचा वाख, म्हणजे पानांतला धागा होता, भिजवून, ठेचून, धुऊन वाळवलेला, पांढरट आणि केसांसारखा. आप्पांनी त्यातल्या दोन बटा माझ्या हातात दिल्या आणि दोर वळायला सांगितले. मांडीवर तळहाताने दोन्ही बटांना एकाच दिशेने पीळ द्यायचा, मग त्या एकमेकींवर उलट्या दिशेने गुंडाळायच्या, शेपटी संपत आली की नवा वाख आत सरकवायचा आणि पुन्हा तळहात फिरवायचा. यात डोळ्यांचे काम नाही, आवाज होत नाही, आणि घोंगड्याच्या आत हात चालत राहिले तर बाहेरून काही हललेले दिसत नाही. शिकारीच्या दिवसांतही ते बंदूक मांडीवर आडवी ठेवून हेच करत असत. रिकामा हात खाजवायला जातो, विडी शोधतो, बॅटरीची कळ दाबून पाहतो, आणि एवढ्यानेही जनावर बिचकते. हातांना काम मिळाले की बाकीचे अंग आपोआप स्थिर होते, हे मी दुसऱ्याच रात्री अनुभवले. जपमाळ ओढण्याचा उपाय त्यांनी स्वतःसाठी ठेवला होता. 108 मणी, एका श्वासाला एक, अशी एक माळ पुरी व्हायला सात-आठ मिनिटे लागत. मला तो जमला नाही, कारण मी मणी मोजता मोजता झोपी जात असे.

मन गुंतवायचे ते अशाच गोष्टीत, जिच्यात कान गुंतत नाहीत, हा त्यांचा एकमेव नियम होता आणि तो का, हे मला सातव्या रात्री कळले. अष्टमी होती, चंद्र मावळून अर्धा तास झाला असेल. शेतात पाणी होते, त्यामुळे बेडूक आणि रातकिडे यांचा एकसुरी गजर चालू होता, इतका की तो ऐकू येईनासा झाला होता. आप्पांनी माझ्या मनगटावर बोट टेकवले. मला काहीच ऐकू आले नाही. त्यांनी बोटाने नाल्याची दिशा दाखवली आणि मग लक्षात आले की काही ऐकू येत नाही हेच ऐकायचे होते. नाल्याकडचे रातकिडे थांबले होते. बाकी तिन्ही बाजूंनी गजर तसाच होता, आणि त्यात त्या कोपऱ्यात एक भोक पडले होते. थोड्या वेळाने त्याच्या मागच्या अंगाचे किडे पुन्हा सुरू झाले आणि पुढचे गप्प झाले. भोक सरकत होते. ते बांधाच्या वळणापर्यंत आले, थांबले, मग चिखलातून पाय उपसल्याचा बारीक आवाज आला आणि त्यानंतर ओंब्या ओरबाडल्याची सरसर.

अंधारात थेट रोखून पाहिले तर काही दिसत नाही, नजर किंचित बाजूला ठेवली तर आकार दिसतो, हे त्यांनी आधीच शिकवले होते. तशी नजर ठेवल्यावर भातावर चार-पाच काळे ढीग हलताना दिसले. बॅटरी मारली असती तरी डोळे मोजता आले नसते, कारण गुराढोरांचे, हरणांचे डोळे जसे प्रकाशात चमकतात तसे डुकराचे चमकत नाहीत. आप्पा मुकाट बसून होते. मला डबा बडवायची घाई झाली होती. ढिगांपैकी सर्वांत मोठा जेव्हा बांध उतरून पुरता खाचरात आला, तेव्हा त्यांनी माझ्या मांडीवर थाप मारली, मी एक सुतळी बॉम्ब पेटवून नाल्याच्या उलट बाजूला फेकला आणि दोघांनी मिळून डबा व आरोळ्या यांचा असा गदारोळ केला की गावातली कुत्री उठली. ती डुकरे गेली ती पुढच्या चार रात्री फिरकली नाहीत.

इतकी वाट कशासाठी पाहायची, हा माझा प्रश्न होता. सारखा आवाज करत राहिले तर जनावर त्याला सरावते. बुजगावणे, लुकलुकणारे दिवे, वाऱ्यावर वाजणारे डबे यांचे चार दिवस भय वाटते, पाचव्या दिवशी त्यांच्या सावलीत बसून डुक्कर भात खाते. लांबूनच हुसकले तर ते वळसा घालून दुसऱ्या बांधाने येते. पाऊल शेतात पडले आणि त्याच क्षणी आभाळ कोसळले, तर मात्र ते ठिकाण त्याच्या लक्षात राहते. म्हणजे राखणीत गप्प बसणे हा आळस नसून तीच अर्धी राखण आहे, आणि डबा बडवण्याची पाळी फार तर रात्रीतून एकदा यावी.

बसण्याचे बारीकसारीक तंत्र पुष्कळ होते, त्यातले काही मी चुकून शिकलो. बेळगावचे चिरमुरे माझ्या आवडीचे, म्हणून मी पिशवी भरून नेले होते. रात्री बाराच्या शांततेत एक मूठ तोंडात टाकल्यावर दाताखाली जो आवाज झाला त्याने मीच दचकलो. प्लॅस्टिकची पिशवी तर त्याहून मोठ्याने वाजते. पुढे गुळाचा खडा आणि खोबऱ्याचे तुकडे फडक्यात बांधून नेऊ लागलो. खोकला आला तर दाढेत लवंग. पायाला मुंग्या येऊ नयेत म्हणून बुटाऐवजी घोंगड्यात अनवाणी बसून पायाची बोटे एकेक करून हलवायची, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत आणि परत. वाऱ्याची दिशा पाहायला चिमूटभर राख सोडायची, कारण डुकराची नजर अधू असली तरी नाक भलतेच तिखट. रात्र गार झाली की हवा डोंगरावरून नाल्याकडे उतरते, म्हणजे आमचा वास त्यांच्याकडेच जाणार, हे पाहून आप्पांनी पहिल्याच दिवशी माझा साबण बंद केला. ते मात्र मला थोडे अतीच वाटले आणि अजूनही वाटते.

पहाटे दोन ते चार या वेळेवर कोणतेही तंत्र पूर्णपणे चालत नाही, हे प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. दोर वळताना हात आपोआप थांबत, मान पुढे येई आणि जाग येई ती हनुवटी छातीला लागल्यावर. रुळांवरून जाणाऱ्या एखाद्या मालगाडीचा आवाज दुरून आला की मी त्याला धरून ठेवी, तो लोंढा जंक्शनच्या दिशेने विरून जाईपर्यंत मनात डबे मोजी. कधी भेकर भुंके, कधी रातव्याची ठोकळ्यावर हातोडी मारल्यासारखी हाक सुरू होई. आप्पा त्या वेळी उभे राहून हळूच कमरेतून वाकत आणि पुन्हा बसत. एकमेकांना तासा-तासाने झोपू देणे हाच शेवटी खरा उपाय ठरला. एकट्याने सबंध हंगाम राखण करणाऱ्या माणसांचे कसे होत असेल कोण जाणे. थकलेली काही माणसे मग कुंपणात घरचा वीजप्रवाह सोडतात, त्यात डुकरे मरतात, गुरे मरतात आणि माणसेही मरतात. हा गुन्हा आहे हे त्यांना माहीत नसते असे नाही, झोप त्याहून बलवत्तर ठरते. मी त्याचे समर्थन करत नाही, पण त्या दोन तासांत त्या मोहाची वाट मला दिसली होती.

12 नोव्हेंबरला त्रिपुरी पौर्णिमा होती. त्या रात्री चंद्र मावळण्याचा प्रश्न नव्हता, म्हणून डुकरे येणार नाहीत असे धरून आम्ही जरा सैल होतो. अकराच्या सुमारास जंगलाच्या बाजूने फांद्या मोडल्याचा आवाज आला आणि मग कसलाच आवाज न करता सात गवे बांधावर उभे दिसले. काळी अंगे झाडीत मिसळून गेली होती, चांदण्यात उजळून दिसत होते ते त्यांचे गुडघ्याखालचे पांढरे पाय, जणू अठ्ठावीस पांढरे मोजे बांधावर ओळीने मांडून ठेवले होते. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन हजार किलोपर्यंत जाते आणि आमचा माळा चार लाकडांवर होता. मी सुतळी बॉम्बकडे हात नेला तेव्हा आप्पांनी तो धरला आणि सोडलाच नाही. गव्याला कोंडल्यासारखे वाटता कामा नये, त्याला त्याची वाट मोकळी ठेवायची, हे ते नंतर म्हणाले, त्या वेळी ते एक शब्दही बोलले नाहीत.

गव्यांनी कोपऱ्यातले भात खाल्ले. ओठांनी ओंब्या ओढल्याचा, दातांनी दळल्याचा आणि अधूनमधून नाकातून सोडलेल्या फुसकाऱ्याचा आवाज येत होता. आपले वर्षाचे धान्य डोळ्यांदेखत जात असताना काहीही न करता बसणे हे त्या 19 रात्रींतले सर्वांत अवघड काम होते. मी दोर वळू लागलो. थांबलो असतो तर ओरडलो असतो. बऱ्याच वेळाने पुढच्या मादीने मान वर केली, ती नाल्याकडे वळली आणि बाकीचे तिच्यामागून एका रांगेत गेले. आप्पांनी मग कुठे माझा दुसरा हात सोडून दिला आणि पाण्याची बाटली मागितली. त्यांचा हात कापत होता, माझा का कापत नव्हता ते मला सांगता येणार नाही.

16 तारखेच्या रात्रीनंतर कापणी सुरू झाली. पहिल्या तीन रात्रींचे चार गुंठे आणि गव्यांचे सुमारे दोन, मिळून साठांपैकी सहा गुंठे गेले. नुकसानभरपाईचा अर्ज कन्नडमध्ये होता, तो शेजारच्या गावातल्या एका शिक्षकांनी भरून दिला. फोटो जोडायचे होते आणि मोबाइल तर शिडीच्या पायरीशी बंद करून ठेवलेला असे, त्यामुळे गव्यांचा फोटो नव्हताच, ठशांचा तेवढा सकाळी काढलेला होता. अर्जाचे पुढे काय झाले ही वेगळ्याच प्रकारच्या वाट पाहण्याची गोष्ट आहे आणि तिच्यात दोर वळण्याची सोय नाही.

दोर मात्र चाळीस हातांहून लांब झाला होता. भाऱ्यांना बांधण्यासाठी तो खळ्यावर काढला तेव्हा आप्पांनी तो एका टोकापासून बोटांतून सरकवत नेला. सुरुवातीचा भाग त्यांनी नुसताच पुढे ढकलला, तो कुठेही निसटेल असा वळला होता. मधे मधे जाड गाठीसारखे फुगवटे आले, तिथे ते म्हणाले, "इथं झोपलास." टोकाकडे पाच-सहा हात दोर इतका घट्ट पिळला होता की तो काडीसारखा ताठ उभा राहत होता. तो त्यांनी दोन बोटांत धरून वाकवून पाहिला, वाकला नाही, तेव्हा विळ्याने तेवढा तुकडा कापून त्यांनी माझ्या हातात दिला आणि उरलेल्या दोराने पहिला भारा बांधायला घेतला.